विग्गेलोच्या दगडावरची नावं

आमच्या विग्गेलो गावाचा इतिहास डुकरांच्या भांडणापासून सुरू होतो, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड व्हायला नको. साडेसातशे वर्षांपूर्वी रानातली ओकची फळं कुणाच्या डुकरांनी खायची यावरून एक जोगिणींचा मठ आणि एक सरदार यांच्यात जुंपली. साक्षीला चार माणसं उभी राहिली आणि त्यांतला एक होता 'रानातल्या मोकळ्या जागेवरचा विग्गर'. त्या मोकळ्या जागेला तेव्हा 'लो' म्हणत. विग्गरचं लो, म्हणून विग्गेलो. त्याच्या घराला लोक विग्गेलिंक म्हणू लागले. ते घर अजून तिथंच आहे आणि त्यात मी राहतो.

शाळेत आमचे मास्तर सांगायचे की गावाचं नाव एका शूर राजावरून पडलं. चर्चचे पाद्री सांगायचे की एका संतावरून. दोघांनाही डुकरं नको होती. मला मात्र ती डुकरं फार आवडतात. गावाचा पहिला माणूस शेजाऱ्यासाठी साक्ष द्यायला गेला म्हणून आपल्याला माहीत झाला, याहून चांगली सुरुवात कुठल्या गावाची असेल?

तर हे साडेसातशे वर्षांचं प्रकरण साजरं करायचं ठरलं. चर्चसमोर माझ्याच शेतातून निघालेला हत्तीएवढा दगड आणून ठेवला. त्याच्यावर मजकूर कोरायचा, जूनमध्ये त्याच्यावरचं कापड ओढायचं, बँड वाजवायचा, कॉफी प्यायची, एवढा बेत. या सगळ्याचे सूत्रधार होते ब्लांकेन. हे गृहस्थ पस्तीस वर्षं हार्लेममध्ये लोकांचे दात काढत होते. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा गावाच्या इतिहास मंडळाला चिटणीस मिळत नव्हता. ब्लांकेन पहिल्याच सभेला वही घेऊन आले आणि जाताना चिटणीस होऊन गेले. माणूस सज्जन आहे. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी ते माझ्या स्वयंपाकघरात आले. मी कॉफी दिली, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे एकच बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. त्यांनी टेबलावर कागदाची लांब गुंडाळी उलगडली. एका टोकावर साखरेचं भांडं ठेवलं, दुसऱ्यावर माझं चष्म्याचं घर. कागदावर वंशवृक्ष होता. मुळाशी विग्गर, मग बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशा तेवीस पिढ्या, आणि अगदी टोकाला मी. ते बघून मला थोडं गरगरलं.

"विग्गेलिंकसाहेब, एवढी एकच जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "तुमची जन्मतारीख आणि जन्मगाव. गाव काय, इथलंच. तरी विचारतो, सवय आहे."

"नऊ मार्च एकोणचाळीस," मी सांगितलं. "रॉटरडॅम."

पेन थांबलं. "आई बाळंतपणाला तिकडे गेल्या होत्या का?"

"आई तिकडेच असायची. इकडे ती कधीच आली नाही."

"पण जान्ना विग्गेलिंक तर..."

"जान्ना आणि हार्मेनला मूलबाळ नव्हतं हो. मी युद्धातल्या भुकेच्या हिवाळ्यात आलेला पोरगा आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

ब्लांकेन विचारात पडले. प्रामाणिक माणूस. "नाही," ते म्हणाले. "सगळे तुम्हाला विग्गेलिंकच म्हणतात."

"मग? आहेच मी विग्गेलिंक."

आता यात त्यांचा काय दोष? आमच्या भागात नाव माणसाचं नसतं, घराचं असतं. जो विग्गेलिंकला राहतो तो विग्गेलिंक. शेजारची डीने लाउमस नावाच्या घरात राहते म्हणून ती लाउमस. तिचं कागदावरचं आडनाव काय ते मला आठवावं लागेल. पोस्टमन 'एस. काल्कमन' हे माझं कागदावरचं नाव लिहिलेली पाकिटं सत्तर वर्षं माझ्याकडे आणून टाकतोय आणि त्यानं कधी भुवई वर केली नाही. सैन्यात गेलो तेव्हा हवालदार 'काल्कमन, काल्कमन' म्हणून बोंबलत होता आणि मी आपला आजूबाजूला बघत होतो की कोण हा बहिरा. त्याबद्दल तीन दिवस बटाटे सोलले. या गोष्टीत सांगण्यासारखं काही आहे असं गावात कुणाला वाटलंच नव्हतं.

ब्लांकेनचा चेहरा मात्र उतरला होता. दगडावरचा मजकूर आधीच ठरला होता: 'विग्गरपासून सीमपर्यंत, एकच रक्त, एकच चूल.' सीम म्हणजे मी. कापड मी ओढणार होतो. पत्रकार येणार होते.

"मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "पण खोटं मी दगडात कसं कोरू? चुकीचा दात उपटला तर परत बसवता येत नाही. आर्नहेमला योहान विग्गेलिंक म्हणून एकजण आहेत. त्यांचे पणजोबा इथून गेले. रक्ताचे तेवढेच उरलेत. कापड त्यांनी ओढलं तर... तुम्ही गैरसमज करून घेणार नाही ना?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो.

आणि खरंच बरोबर होतं. मी त्यांना दारापर्यंत सोडलं, कागद बगलेत नीट धरायला मदत केली, हात हलवला. मग येऊन त्यांचा कप धुतला, पुसला आणि परत धुतला. शहात्तर वर्षांच्या माणसाला कुणी तोंडात मारावी आणि वर माफी मागावी, तसं झालं.

मी आलो ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण मलाही ती तुकड्यातुकड्यांनीच आठवते. चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात बापाला जर्मनांनी रस्त्यावरून पकडून नेलं. घरात आई, मी आणि पाळण्यातली बहीण. खायला ट्यूलिपचे कांदे. आई ते किसणीवर किसायची आणि 'आज काय मेजवानी' म्हणायची. फेब्रुवारीत चर्चच्या लोकांनी पोरांना ट्रकमध्ये घालून पूर्वेकडे पाठवलं. आईनं मला ट्रकच्या मागच्या फळीवर चढवलं आणि सांगितलं, "तिथं देतील ते खा आणि थँक यू म्हण." तेवढंच. मार्चमध्ये बहीण गेली, पाठोपाठ आई गेली. बाप परत आला नाही. हे मला देशाची सुटका झाल्यावर जूनमध्ये कळलं. तोवर मी विग्गेलिंकच्या टेबलाशी बसून रोज तीन वेळा थँक यू म्हणत होतो. हार्मेन शेवटी वैतागून म्हणाला, "पोरा, एकदा म्हटलंस ना, आता नुसता जेव."

मला त्यांनी कधी पाहुण्यासारखं वागवलं नाही, आणि याबद्दल मी रोज त्यांचे आभार मानतो. गाय चुकीच्या बाजूनं धरली तर हार्मेन माझ्यावर ओरडायचा, अगदी पोटच्या पोरावर ओरडावं तसा. दत्तक घ्यायचा कायदा आमच्या देशात आला तोपर्यंत मी सतरा वर्षांचा झालो होतो. जान्ना म्हणाली, करून टाकू या कागद. हार्मेन म्हणाला, "कागद काय गोठा झाडणार आहे का?" विषय संपला. शेत मात्र त्यानं रीतसर माझ्या नावे केलं, कागदावरच्या नावाने.

पण मनात एक कुसळ राहिलंच. तिसऱ्या वर्षी मी जान्नाला 'आई' म्हणायला लागलो. ज्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, त्या दिवशी गोठ्यात जाऊन पहिल्या आईची माफी मागितली. आमच्या काल्कमन घरात मी एकटाच उरलो होतो, आणि मीच ते नाव टाकून दिलं होतं. टाकलं असं ठरवून नाही. हाक मारतील त्याला ओ देत गेलो, बस. माझी बायको रीक गेली तेव्हा तिच्या कबरीच्या दगडावर 'रीक विग्गेलिंक' कोरलं आणि शेजारी माझ्यासाठी जागा सोडली. नऊ वर्षं मी त्या जागेकडे बघतोय. ब्लांकेन आले त्या दिवशी वाटलं, झालं, एक नाव यांनी काढून घेतलं, दुसरं आपण स्वतःच घालवलं. आता त्या जागेत काय लिहायचं? नुसतं 'सीम'? असं नाव तर कुत्र्याचं लिहितात.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीने आली. डीने माझी पहिली शेजारीण. आमच्याकडे प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो आणि ते नातं सख्ख्या भावापेक्षा पक्कं. जन्म झाला की तो धावतो, आजारपणात गाईंचं दूध काढतो, मरण आलं की तोच अंघोळ घालतो, घंटा वाजवतो, घरोघर सांगायला जातो. रीकला डीनेनेच शेवटचे कपडे घातले. मला त्या आठवड्यात स्वतःचे बूटसुद्धा शोधावे लागले नाहीत. अशी बाई. एकोणऐंशी वर्षांची आहे, गाडी चालवते आणि चालवायला नको.

"काय रे सीम्या," ती दारातूनच म्हणाली, "त्या दातवाल्याने तुला गावाबाहेर काढलं म्हणे."

"काही काढलं नाही. रक्ताचा माणूस कापड ओढणार, एवढंच. योग्य आहे."

"योग्य आहे म्हणे. आणि मग डबा का बंद करून बसलायस? दे एक बिस्किट."

मी दिलं. "डीने, तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडते? मी आपली म्हातारी बाई." तिनं दुसरं बिस्किट घेतलं, न विचारता. "तो आर्नहेमवाला काय करतो?"

"गाड्या विकतो."

"त्याला विचार, विग्गेलिंकच्या विहिरीचं पाणी कुठल्या महिन्यात गढूळ होतं."

"ऑगस्टमध्ये."

"तुला नाही विचारलं मी. तुला माहीतच आहे, तेच म्हणतेय." आणि ती गेली.

मे महिनाभर मी मंडळाच्या बैठकांना गेलो नाही. लोक रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय विग्गेलिंक, गुडघा कसा आहे?" आणि त्या नावानं मला आता टोचायला लागलं होतं. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. मला गावाचाही राग यायला लागला, कारण गावाला कळतच नव्हतं की काही बिघडलंय.

मेअखेरीस डीनेचा फोन आला. डॉक्टरकडे जायचंय, गाडीत सोबत चल, परत येताना चक्कर आली तर काय करू. मी गाडीत बसलो. तिने गाडी थेट ब्लांकेनच्या दारात नेऊन लावली.

"हा दातांचा डॉक्टर आहे," मी म्हणालो. "आणि निवृत्त आहे."

"डॉक्टर तो डॉक्टर. उतर."

ब्लांकेनच्या अभ्यासिकेत कागदच कागद होते. तो लांब वंशवृक्ष भिंतीवर टाचला होता आणि माझ्या नावाच्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह होतं. डीने खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि सुरू झाली.

"ब्लांकेनसाहेब, तुम्हाला चुलीची फेरी माहीत आहे का?"

"नाही बुवा."

"नसणारच. कुणी सांगितलं नसणार. आमची माणसं तशीच, सगळ्यांना माहीत असतं ते कुणी बोलत नाही." मग तिनं सांगितलं. घरात नवं माणूस राहायला आलं, सून असो, घरजावई असो, नाहीतर कामाला आलेली बाई असो, की पहिली शेजारीण त्याचा हात धरते आणि चुलीवर भांडं टांगायची जी साखळी असते तिच्याभोवती तीन फेऱ्या घालते. त्या फेऱ्या झाल्या की माणूस घराचा झाला. मग तो घराचं नाव घेतो. घेतो म्हणजे काय, लोक त्याला त्या नावानं हाक मारायला लागतात. "पंचेचाळीस सालच्या फेब्रुवारीत," डीने म्हणाली, "माझ्या आईने या माणसाला त्या साखळीभोवती फिरवलं. मी नऊ वर्षांची होते, दारात उभी होते. हा हाडांचा सापळा नुसता. दुसऱ्या फेरीला पडला, तर आईने कडेवर घेऊन तिसरी पुरी केली."

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे गरगरणं आठवत होतं, आणि कुणाच्या तरी लोकरी शालीला गोठ्याचा वास येत होता ते. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की ते भुकेनं आलेलं स्वप्न आहे. मी डीनेकडे बघत राहिलो. सत्तर वर्षं ही बाई माझ्या शेजारी राहते आणि हे तिनं कधी सांगितलं नाही.

"तुला कशाला सांगायचं?" ती म्हणाली. "तू होतास की तिथं."

ब्लांकेन मात्र एकदम उठले होते. "कामाला आलेली बाईसुद्धा?" त्यांनी विचारलं. "रक्ताचं कुणी नसलं तरी?"

"घर उघडं ठेवायला तर राहिलं पाहिजे ना कुणीतरी?"

त्यांनी कपाटाखालून बुटांचं एक खोकं काढलं. त्यात चिठ्ठ्या होत्या. गेली पाच वर्षं गावाची जुनी दप्तरं वाचताना जी माणसं त्यांच्या झाडावर कुठेच बसली नव्हती, ती त्यांनी या खोक्यात टाकली होती. नोकर असतील, भाडेकरू असतील असं समजून. आता ते एकेक चिठ्ठी वाचू लागले आणि वाचता वाचता भिंतीवरच्या कागदाजवळ जाऊन बघू लागले.

"बेरेंड, विणकर, बोखोल्टहून आलेला, विग्गेलिंकला राहतो. आणि पुढच्या पानावर हाच बेरेंड विग्गेलिंक. मी याला आधीच्या विग्गेलिंकचा मुलगा धरला." दुसरी चिठ्ठी. "फेन्ने, मोलकरीण. प्लेगमध्ये घरातले सगळे गेले, ही राहिली. नंतर सगळीकडे फेन्ने विग्गेलिंक. मी हिला मुलगी धरली." मग एक शिपाई निघाला, मागे राहून गेलेला, ज्याचं नाव लिहिणाऱ्याला कळलं नव्हतं. मग जळणाची पीटमाती वाहणारा एक, विधवेशी लग्न केलेला. ब्लांकेन खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून पुसत बसले. "सात ठिकाणी तुटलंय," ते म्हणाले. "तुमच्या धरून आठ. ज्या विग्गरवरून गावाचं नाव पडलं त्याचं रक्त तिसऱ्या पिढीत संपलंय. आर्नहेमचे योहान त्या पीटमातीवाल्याचे वंशज. मी पाच वर्षं भलतंच झाड काढलं."

"झाड काढायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?" डीने म्हणाली, पण मऊ आवाजात. "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नसता तर ही फेन्ने आम्हाला कुठून कळली असती?"

ब्लांकेन माझ्याकडे वळले. "विग्गेलिंकसाहेब, मी तुमची माफी मागतो. कापड तुम्हीच ओढा. तेवीस नावं कोरून घेतो, शेवटचं तुमचं."

मी 'हो' म्हणायला हवं होतं. आलो होतो फुरंगटून, आणि माझी बाजू आता साडेसातशे वर्षांच्या पुराव्यानिशी भक्कम झाली होती. पण माझ्या तोंडून निघालं, "नको. योहान येतोय ना, त्यालाच ओढू द्या. माझं नाव घालू नका."

परत येताना डीने गाडी अगदी सावकाश चालवत होती. तिच्या बाबतीत हे धोक्याचं असतं. कालव्याच्या पुलापाशी तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आता बोल. काय अडलंय तुझं?"

"काही नाही."

"सीम्या, मी तुला एक दिवस अंघोळ घालणार आहे. माझ्यापासून काय लपवतोस?"

मग मी सांगितलं. सांगितलं की विग्गेलिंक म्हणून मी सुखात जगलो आणि तुमच्या सगळ्यांचं देणं या जन्मात फिटणार नाही. पण दगडावर एकदा 'विग्गेलिंक' कोरलं की ती रॉटरडॅमची बाई कायमची पुसली जाईल. तिची कबर कुठे आहे ते मला माहीत नाही. त्या हिवाळ्यात इतकी माणसं मरत होती की कुणाला कुठे पुरलं त्याचा पत्ता नाही. तिचा फोटो नाही. तिने मला ट्रकवर चढवलं नसतं तर मी तिच्याबरोबर गेलो असतो. तिने पोरगा वाचवला, आणि पोरगा दुसऱ्याचं नाव लावून म्हातारा झाला. निदान दगडावर तरी मी तिला दगा देऊ नये असं मला वाटतं.

"नाव काय होतं तिचं?" डीनेनं विचारलं.

ते नाव मी सत्तर वर्षांत तोंडाने उच्चारलं नव्हतं. रीकपाशीसुद्धा नाही. "नेल्त्ये," मी म्हणालो. "नेल्त्ये काल्कमन."

"नेल्त्ये," डीने म्हणाली. तिनं आणखी काही विचारलं नाही. गाडी सुरू केली आणि मला घरी सोडताना फाटकाला घासली.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी चर्चसमोर सगळं गाव जमलं. बँडवाल्यांनी एक गाणं दोनदा वाजवलं, कारण दुसरं बसलं नव्हतं. बायकांनी हातभर लांबीचे मनुकापाव कापून ठेवले होते. मी मागे, लिंडनच्या झाडाखाली उभा राहिलो, इस्त्रीचा शर्ट घालून. न जावं असंही वाटलं होतं. पण ज्या गावानं जेवायला घातलं त्याच्या वाढदिवसाला घरी बसणं माझ्याच्याने झालं नाही.

आर्नहेमचा योहान चांगला निघाला. गुबगुबीत, हसरा, दोन मुलींना घेऊन आलेला. त्याच्या हातात दोरी दिली, तर तो गर्दीत इकडेतिकडे बघायला लागला आणि डीनेनं बोट दाखवलं तसा थेट माझ्याकडे आला.

"तुम्ही सीम ना?" तो म्हणाला. "माझे पणजोबा भावाशी भांडून इथून गेले आणि परत फिरकले नाहीत. राहिलात तुम्ही. धरा ही."

"नको, पाहुणे."

"तेच तर. पाहुणा मी आहे."

सगळे बघत होते. गावात अशा वेळी माणसाला पळून जाता येत नाही. मी दोरी धरली, ओढली, कापड खाली आलं. चष्मा घरीच राहिला होता, त्यामुळे मला नुसत्या ओळी दिसल्या. खूप ओळी. तेवीस नव्हत्या, पण 'एकच रक्त' एवढ्या छोट्या मजकुराच्याही नव्हत्या. ब्लांकेन पुढे झाले. भाषण करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त दगड वाचायला सुरुवात केली, रोग्याला समजावून सांगावं तसं सावकाश.

"हे सगळे बाहेरून आले आणि विग्गेलोने त्यांना विग्गेलिंक म्हटलं. विग्गर, कुठून आला ठाऊक नाही. बेरेंड, बोखोल्टचा विणकर. फेन्ने, मोलकरीण. एक शिपाई, त्याचं नाव लिहिलेलं नाही."

फेन्नेच्या नावाला कुणीतरी म्हातारी 'अगं बाई' म्हणाली, शेजारपाजारची बातमी ऐकावी तशी. ब्लांकेन वाचत होते आणि एकेक माणूस रानातून, रस्त्यावरून, लढाईतून चालत येऊन आमच्या त्या घराच्या दारात उभा राहत होता. मला पहिल्यांदाच वाटलं की माझ्या टेबलाशी माझ्याआधी माझ्यासारखेच बसून गेलेत. सगळे भुकेले आले असतील, आणि त्यांनाही कुणीतरी म्हटलं असेल, आता नुसता जेव.

मग शेवटची ओळ आली. ब्लांकेननी घसा साफ केला.

"सीम," ते म्हणाले, "रॉटरडॅमच्या नेल्त्ये काल्कमनचा मुलगा."

मी डीनेकडे बघितलं. ती बँडवाल्यांकडे बघत होती, जणू तिचा काही संबंध नाही. पण तिचा एक हात पर्समध्ये रुमाल शोधत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुरुषांनी टोप्या काढल्या. माझ्या आईसाठी, जिला यांच्यातल्या एकानेही कधी पाहिलं नव्हतं, भर दुपारी सगळ्या विग्गेलोनं टोप्या काढल्या.

मी रडलो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? दगडापाशी गेलो, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ती ओळ बोटांनी वाचली. कोरणाऱ्यानं खोल कोरलंय, दोनशे वर्षं तरी हलणार नाही. माझं, तिचं आणि गावाचं नाव एकाच दगडावर होतं आणि कुणी कुणाला पुसलं नव्हतं. माझ्या मागे सगळे थांबले होते. कॉफी गार होत असणार, पण कुणी घाई करत नव्हतं.

"आई," मी म्हणालो, फार हळू नाही, जवळच्यांना ऐकू जाईल असं, "हे विग्गेलो. तू सांगितलं होतंस तसं मी इथं देतील ते खाल्लं."

आणि मग वळून गावाकडे बघितलं आणि थँक यू म्हटलं.